पाव किलोपासून सुरुवात: मुंबईत खास जिन्नस आणि भांडी शोधताना

मुंबईत नव्याने घर मांडलं की पहिल्या महिन्यात शेजारीपाजारी सल्ले द्यायला लागतात. मसाला लालबागचा आण, कोकणातलं सामान दादरला मिळेल, भांडी घ्यायची तर भुलेश्वर. नावं सगळी बरोबर असतात. तिथे जाऊन काय मागायचं, किती घ्यायचं, चांगलं कशावरून ओळखायचं आणि घरी आणल्यावर त्याचं काय करायचं, हे मात्र कोणी बसून सांगत नाही.

मी मूळची सोलापूरची. काळं तिखट आणि शेंगदाण्याची चटणी ही माझी चव. इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी दोन किलो मसाला, किलोभर आमसुलं आणि वर्षभर पुरतील एवढे पापड-कुरडया एकदम आणल्या. जुलै उजाडला आणि मुंबईची दमट हवा डब्यात शिरली. मसाल्याच्या गुठळ्या झाल्या, त्यात जाळी धरली, कुरडया मऊ पडल्या. दिवाळीआधी निम्मा माल टाकावा लागला आणि जीव हळहळला, कारण तो कोणीतरी हाताने निवडून, वाळवून, कुटून केलेला होता. त्यानंतर मी दोन नियम धरले. नवीन जिन्नस पहिल्यांदा पाव किलोच्या वर घ्यायचा नाही. आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवायची: काय, कुठून, कधी आणि काय भावाने. पुढे जे सांगणार आहे ते या दोन नियमांना धरूनच.

आधी महिना बघा, मग गल्ली

चांगला जिन्नस शोधायची खरी गुरुकिल्ली दिनदर्शिका आहे. मार्च ते मे म्हणजे मिरची, मसाले आणि वाळवणं. एप्रिल-मे म्हणजे हापूस, ओले काजूगर आणि कोकमाचा हंगाम. नवी आमसुलं पावसाच्या तोंडावर दुकानात येतात. जूनमध्ये पाऊस पडला की दादर-बोरिवलीसारख्या स्टेशनांबाहेर पालघर-वसईकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात: शेवळं, टाकळा, कुरडू, कंटोळी, भारंग. डिसेंबर-जानेवारीत नवा तांदूळ, नवा गूळ, वालपापडी आणि गुजराती वस्तीच्या बाजारांत पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा.

हंगामात घेतलेल्या वस्तूचा वास वेगळा असतो आणि भावही बरा असतो. नोव्हेंबरमध्ये मिळणारी आमसुलं वाईट असतात असं नाही, पण ती कुठल्या वर्षीची हे विचारायला हवं. दुकानदार "या वर्षीची" म्हणाला तर एक तुकडा हातात घेऊन दाबून बघा. नवं आमसूल मऊ, चिकट आणि गडद जांभळं असतं. जुनं काळपट, कडक होतं आणि त्याचा आंबटपणा जिभेला बोथट लागतो.

शेवळांबद्दल एक सावधगिरी. ती नुसती शिजवली तर घसा खाजतो. म्हणून विकणारी बाई सोबत काकडं नावाची छोटी हिरवी, आंबट फळं देते. ती नाही दिली तर मागून घ्या, आणि भाजी कशी करायची हेही तिलाच विचारा. तिच्याइतकं नेमकं दुसरं कोणी सांगणार नाही.

लालबाग: इथे एक अख्खी सकाळ द्या

करी रोड किंवा चिंचपोकळीला उतरून चालत लालबागच्या बाजारात जाता येतं. हा गिरणगावचा मध्य. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत कामाला आलेली माणसं इथल्या चाळींत राहिली, त्यांच्यासाठी बायकांनी खानावळी चालवल्या, आणि गावाकडच्या मसाल्यांना इथे कायमचं गिऱ्हाईक मिळालं. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या. मिरची-मसाल्याची गल्ली राहिली. जवळच चिवडा गल्ली आहे. तिथे पोह्यांचा, मक्याचा, बटाट्याचा चिवडा समोर तळलेला मिळतो. चिवडा मात्र घासभर तोंडात टाकून मगच तोलून घ्या, तेलाचा वास लगेच कळतो.

मसाल्याच्या दुकानात गेल्यावर पोत्यांच्या रांगा बघून नवख्या माणसाला बोलायला सुचत नाही. मिरच्यांची तोंडओळख असली की धीर येतो. बेडगी लांब, सुरकुतलेली, रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावच्या नावाने ओळखली जाते आणि २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. काश्मिरी मुख्यतः रंगासाठी. संकेश्वरी बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरची, तिला रंगही आहे आणि झणकाही. पांडी, तेजा आणि लवंगी तिखटासाठी. मालवणी मसाल्यात या सगळ्यांचं मिश्रण असतं आणि प्रत्येक घराचं प्रमाण निराळं. माझ्या घरी एक किलो मिरचीत अर्धा किलो बेडगी, पाव किलो काश्मिरी आणि पाव किलो संकेश्वरी असते. शेजारच्या मालवणी काकूंना हे फारच मिळमिळीत वाटतं. त्या काश्मिरीच्या जागी पांडी घेतात.

पहिल्या वर्षी स्वतःचा मसाला करायला जाऊ नका. एकाच गल्लीतल्या दोन दुकानांतून तयार मालवणी मसाला पाव-पाव किलो घ्या, एकच आमटी दोन दिवस दोन मसाल्यांनी करा, आणि कुठला आवडला ते चिठ्ठीवर लिहा. जीभ काय मागते हे कळल्याशिवाय प्रमाण सांगता येत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र जरूर करून घ्या. पद्धत अशी. मिरची विकत घ्या, देठं काढा, कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. चाळीच्या गच्चीवर किंवा इमारतीच्या टाकीजवळ जागा मिळते, फक्त आधी विचारावं लागतं. ऊन अजिबातच नसेल तर लालबागला मिरची-मसाला भाजूनही मिळतो. धणे, लवंग, दालचिनी, मिरी, बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेशर हा खडा मसाला वेगवेगळा, मंद आचेवर, थोड्या तेलात परतायचा. दगडफूल कच्चं असताना मातकट वाटतं, तेलात पडलं की त्याचा खरा वास उठतो. मग सगळं घेऊन डंकावर जायचं. डंकात मुसळासारखे लोखंडी ठोके वरून पडतात आणि माल कुटला जातो. मिक्सरची पाती जोरात फिरून मसाला तापवतात आणि तापला की त्यातलं सुगंधी तेल उडून जातं. डंकावर तो त्यामानाने थंड राहतो. रांगेत आपल्या पातेल्याजवळ उभं राहायचं, नाकाला रुमाल बांधायचा, आणि आधीच्या माणसाचा मसाला डंकातून नीट झाडून काढला आहे ना हे बघायचं. अगदी थोडा माल डंकात नीट कुटला जात नाही, म्हणून दोघी-तिघींनी मिळून करावा आणि वाटून घ्यावा.

घरी आणल्यावर मसाला परातीत पसरून पूर्ण निवू द्या. कोमट मसाला बरणीत भरला की आत वाफ धरते आणि तिथूनच तो बिघडायला लागतो. कोरड्या काचेच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचा खडा ठेवा, आणि रोजच्या वापराचा मसाला छोट्या डब्यात वेगळा काढा, म्हणजे मोठी बरणी रोज उघडावी लागत नाही.

मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांतला बाटली मसाला याच उन्हाळी कामातून येतो. वसई, वांद्रे, गिरगावातली खोताची वाडी या त्यांच्या जुन्या वस्त्या. यात विसाहून अधिक जिन्नस असतात, भाजलेले गहू आणि हरभरेही पडतात, आणि कुटून झाला की काळपट काचेच्या बियरच्या बाटल्यांत काठीने ठासून भरतात. उजेड लागत नाही आणि हवेला जागा उरत नाही, म्हणून तो वर्षभर टिकतो. कोणी ओळखीचं ईस्ट इंडियन कुटुंब विकत असेल तर एक बाटली नक्की घ्या. मासळीच्या कालवणात चमचाभर पुरतो.

दादर आणि गिरगाव

दादर पश्चिमेला रानडे रोड आणि छबिलदासच्या आसपास कोकणातला माल विकणारी दुकानं आहेत. गिरगावात ठाकूरद्वार ते मुगभाट हा पट्टा; मेट्रो ३चं गिरगाव स्टेशन झाल्यापासून तिकडे जाणं सोपं झालंय. बेडेकरांचं दुकान याच गिरगावात १९१० साली सुरू झालं. लिज्जत पापडाची सुरुवातही इथल्याच एका इमारतीच्या गच्चीवर, १५ मार्च १९५९ला, सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन केली. आज नावारूपाला आलेलं बरंच काही या भागातल्या छोट्या स्वयंपाकघरांतून निघालेलं आहे, आणि अजूनही निघतं.

इथे पहिल्या फेरीत काय घ्यावं? माझं उत्तर: कुळथाचं पीठ, मेतकूट, आगळ आणि तिरफळं. बाकीचं नंतर.

आगळाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चूक हमखास होते. कोकमाच्या बाटल्या दोन प्रकारच्या असतात आणि दिसायला सारख्याच. आगळ म्हणजे कोकमाचा रस आणि मीठ, साखर अजिबात नाही. अमृतकोकम किंवा कोकम सरबत म्हणजे साखरेचा पाक. सोलकढीला आगळ लागतं. दोन वाट्या नारळाच्या दुधाला एक-दोन चमचे, चाखत चाखत, आणि मीठ शेवटी, कारण आगळात ते आधीच असतं. आमसूल कसं होतं हे कळलं की त्याची किंमतही कळते. फळाची साल काढून वाळवायची, त्याच फळाच्या मीठ घातलेल्या रसात भिजवायची, पुन्हा वाळवायची, आणि हे बऱ्याच वेळा. कमी वेळा भिजवलेलं आमसूल फिकट राहतं आणि आमटीत चव सोडत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

तिरफळं बांगड्याच्या तिखल्यासाठी. फोडून आतली काळी बी टाकून द्यायची, वरचं टरफल फक्त ठेचायचं आणि उकळत्या रश्शात घालायचं. पाव किलोचा नियम इथे लागू नाही; पन्नास ग्रॅम तिरफळं चार माणसांच्या घराला कित्येक महिने पुरतात.

तांदूळ घेताना वाडा कोलम आणि आंबेमोहर मागून बघा. दोन्हींना मानांकन आहे, दोन्हींच्या नावाने भलतंच विकलंही जातं. आंबेमोहर बारीक, आखूड दाण्याचा आणि शिजताना घरभर आंब्याच्या मोहराचा वास देणारा. मऊ भाताला, नैवेद्याच्या मुदीला तोच. तो मोकळा होत नाही म्हणून पुलावाला घेऊ नका. वास फक्त पोत्यातल्या कोरड्या दाण्याला येत असेल आणि शिजवल्यावर जात असेल तर तो वरून लावलेला असतो.

गुळाचं साधं आहे. फार पिवळाधमक दिसला तर दोनदा विचार करा. गडद तपकिरी, तोंडात विरघळणारा घ्या.

आगोटीची बेगमी: सुकी मासळी

मासे खाणाऱ्यांनी हे वाचावं, बाकीच्यांनी भांड्यांकडे वळावं.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून कोळीवाड्यांत आणि कोकणी घरांत पावसाआधी सुकी मासळी भरून ठेवतात. यालाच आगोटीची बेगमी म्हणतात. वेसावे, मढ, उत्तन इकडे बांबूच्या वलांडीवर बोंबील जोडीजोडीने टांगून वाळवलेले दिसतात. मरोळला सुक्या मासळीचा जुना बाजार आहे, आणि बहुतेक मोठ्या मासळी बाजारांत सुक्याच्या वेगळ्या टोपल्या असतातच.

बोंबील वाकवून बघा. नीट वाळलेला मोडतो, ओला राहिलेला नुसता वाकतो. रंग पांढरट-पिवळसर असावा, तांबूस डाग नकोत. वास समुद्राचा यावा. नाकात झोंबणारा वास आला तर टोपली सोडा. जवळा घरी आणल्यावर चाळून घ्यायचा, रेती निघते. सोडे महाग असतात आणि ते रास्तच आहे, कारण कोळंबी सोलून, साफ करून, वाळवून मूठभर सोडे होतात. पहिल्यांदा शंभर ग्रॅम सोडे घ्या आणि वांगं-बटाट्यात किंवा खिचडीत घाला. कोळणीशी बोलताना "मावशी" म्हणा, भाव एकदाच विचारा, आणि कशात घालू हे जरूर विचारा. ती मापासकट सांगते.

भांडी: वजन, आवाज, कल्हई

पायधुनीजवळचा तांबाकाटा आणि भुलेश्वरच्या गल्ल्या हा भांड्यांचा जुना बाजार. मेट्रोचं काळबादेवी स्टेशन किंवा मरीन लाइन्स जवळ पडतं. रविवारी घाऊक दुकानं बहुतेक बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळी जा. पितळ आणि तांबं वजनावर विकलं जातं. तेव्हा पहिला प्रश्न "किलोला काय भाव?" आणि भांडं आपल्यासमोर काट्यावर चढवायला सांगा. जाड बुडाचं छोटं पातेलं पातळ बुडाच्या मोठ्या पातेल्याहून महाग पडेल, आणि तेच घेण्यासारखं आहे.

नव्याने घर मांडणाऱ्यांना मी तीनच वस्तू सांगते. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा, एक पितळी पातेलं आणि दगडी किंवा लोखंडी खलबत्ता.

बिडाचा तवा निवडताना तो एका हातात अधांतरी धरून बोटाच्या पेराने वाजवा. घंटेसारखा टणकन वाजला तर धड आहे. बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. उजेडाकडे धरून बारीक भोकं आहेत का बघा. घरी आणल्यावर स्वच्छ घासा, दोन-तीन दिवस रोज भाताची पेज भरून ठेवा आणि धुवा. मग मंद आचेवर कोरडा करून तेलाचा पातळ हात फिरवा, अर्धा कांदा काट्याला टोचून त्याने तेल सगळीकडे घासा, निवू द्या, पुन्हा तेच. असं पाच-सहा वेळा. पहिल्या दोन-तीन आंबोळ्या चिकटतील, त्या खरवडून काढा आणि धीर धरा. एकदा तवा वळणावर आला की आंबोळी आपोआप सुटते आणि तिला जाळी पडते. धुतल्यावर लगेच पुसा, तेल लावा. ओट्यावर ओला ठेवलात तर मुंबईच्या हवेत एका रात्रीत तांबेरा चढतो.

पितळी पातेल्याला कल्हई हवी. चिंच, कोकम, टोमॅटो, ताक यांतलं आम्ल तांब्या-पितळेशी लागतं, पदार्थ कळकतो आणि पोटालाही बाधतो. कल्हईवाला भांडं तापवतो, त्यावर नवसागर टाकतो, कथिलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील क्षणात आतून पसरवतो. डोळ्यांदेखत पिवळं भांडं चंदेरी होतं. शुद्ध कथील वापरा असं स्पष्ट सांगा आणि शक्य असेल तर कांडी विकत आणून त्याच्या हातात द्या. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर तापवू नका. फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून घाला. ढवळायला लाकडी पळी आणि घासायला घासणीची मऊ बाजू वापरा. आतून पिवळं डोकावायला लागलं की पुन्हा कल्हई.

मातीच्या भांड्यांसाठी धारावीचा कुंभारवाडा. सौराष्ट्रातून आलेली कुंभार कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या काम करतात आणि भट्ट्या घरांच्या मधेच आहेत. दही लावायला एक साधं गाडगं घ्या. चकचकीत रंगवलेलं नको, नुसत्या भाजल्या मातीचं. तेही वाजवूनच. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि मगच वापरा. माती पाणी शोषून घेते, म्हणून त्यातलं दही घट्ट लागतं.

केकचे साचे, चॉकलेटचं सामान वगैरे हवं असेल तर क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे १८६९ साली बांधलेल्या महात्मा फुले मंडईच्या, परिसरात सगळं मिळतं.

पाव, कॉफी, चीज

ब्रून पाव सकाळी लवकर घ्या. संध्याकाळपर्यंत त्याचं कडक कवच चिवट होतं. धोबीतलावची कयानी ही इराणी बेकरी १९०४पासून आहे.

कॉफीसाठी माटुंगा. तिथे बिया समोर दळून मिळतात आणि चिकोरीचं प्रमाण आपण सांगायचं असतं. नियमाप्रमाणे चिकोरीमिश्रित पुडीत निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि पाकिटावर प्रमाण छापावं लागतं. पहिल्यांदा ८०-२० मागा, शंभर ग्रॅम. चिकोरी वाढली की कॉफी काळी आणि दाट दिसते, पण कडवटपणा उरतो आणि वास कमी होतो.

मुंबईत आता हाताने केलेलं चीजही मिळतं. एलेफ्थेरिया या इथल्याच चीज करणाऱ्यांच्या ब्रुनोस्टला २०२१मध्ये जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदक मिळालं. ब्रुनोस्ट मूळचं नॉर्वेचं. चीज गाळून उरलेलं पाणी तासन्‌तास आटवून त्यातली दुधाची साखर तांबूस होईपर्यंत शिजवतात. कंदी पेढा आवडणाऱ्या माणसाला ही चव परकी वाटणार नाही. पातळ काप काढून गरम ब्रूनवर ठेवून बघा.

घेताना विचारायचे प्रश्न

पाकीटबंद वस्तूवर चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नपरवाना) क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि घटक बघा. "घरगुती" हा शब्द कोणीही छापू शकतो. त्यापुढे तोंडी तीन गोष्टी विचारा. कुठे केलं, केव्हा केलं, आणि तुम्ही घरी हे कशासोबत खाता. पहिल्या दोनांची उत्तरं अडखळत येतात तिथून मी काहीच घेत नाही. तिसऱ्या प्रश्नाला विकणाऱ्याचा चेहरा खुलला तर थोडं जास्त घेते. ग्रामीण बचतगटांचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन मुंबईत भरतं, तिथे हे प्रश्न थेट करणाऱ्या बाईलाच विचारता येतात. विदर्भातले सांडगे, मराठवाड्यातला येसूर, नाशिककडची नागली एकाच मांडवाखाली चाखता येते.

चिठ्ठ्या टाकून देऊ नका. बरणी रिकामी झाली की तिच्यावरची चिठ्ठी काढून मागे दोन शब्द लिहा: तिखट झाला, रंग कमी, ऑगस्टमध्ये गुठळी झाली, आईला आवडला. त्या एका वहीत चिकटवा. मार्च लागला की वही पिशवीत घालून लालबागला जा, गेल्या वर्षीच्या दुकानात ती चिठ्ठी पुढे करा आणि सांगा, "या वेळी संकेश्वरी थोडी कमी आणि बेडगी वाढवून द्या."